हाडांच्या तोंडी आपली वाक्यं

माझं गाव दुसरबीड. तालुका सिंदखेड राजा, जिल्हा बुलडाणा. पुण्यात कुणी गावाचं नाव ऐकून हसलं, की माझं एक उत्तर ठरलेलं असायचं : "पहिलं बीड मराठवाड्यात, दुसरं आमच्याकडे." लोकांना ते लगेच पटतं. मलाही पटलेलं होतं. मध्यंतरी एका सहकारी मैत्रिणीने सहज विचारलं, "हे तुला कशावरून कळलं?" तेव्हा लक्षात आलं, की माझ्याकडे जुन्या दप्तरातली नोंद नाही, शिलालेख नाही, कुणा जाणत्याने तपासून लिहिलेला कागद नाही. शाळेत कुणीतरी सांगितलं होतं आणि दोन शब्दांचा आवाज सारखा होता. तेवढ्या भांडवलावर मी दहा वर्षं एका गावाचा इतिहास सांगत फिरलो.

गावाच्या नावापुरतं हे खपून जातं, त्यात कुणाचं काही जात नाही. पण हीच रीत आपण हजार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या हाडांना, मूर्तींना आणि थडग्यांना लावतो. त्यावरून इथला कोण, बाहेरचा कोण, कुणाचा हक्क आधीचा, कुणी कुणाचं मोडलं, हे ठरवून मोकळे होतो. तिथे कुणाचं तरी नक्की जातं. आणि हे करणारे लोक अडाणी नसतात. त्यांत इंजिनिअर असतात, डॉक्टर असतात, निवृत्त प्राचार्य असतात. पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामध्ये जे अंतर असतं ते मोजायची सवय आपल्या शिक्षणाने आपल्याला लावलेली नाही, असा माझा आरोप आहे. या आरोपातून मी स्वतःला वगळत नाही. ते का, ते पुढे येईलच.

सव्वादोन मीटर माती

जून २०२४. आमच्याच तालुक्याच्या गावी, सिंदखेड राजाला, लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या जतनाचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ करत होतं. खोदताना आधी दगड लागले, मग मंदिराचा तळ लागला, सभामंडप दिसू लागला, आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी सुमारे १.७० मीटर, उंची मीटरभर, दगड क्लोराइट शिस्ट. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी, पट्टीवर समुद्रमंथनाचा देखावा. फोटो पाहिला तेव्हा मी गावीच होतो आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. ज्या रस्त्याने आम्ही एसटीने शाळा-कॉलेजला गेलो, त्याच्या इतक्या जवळ हे पडून होतं.

संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर दोन गोष्टी तयार झाल्या. पहिली : आक्रमकांनी देऊळ पाडलं आणि मूर्ती गाडली. दुसरी : आक्रमक येणार हे कळल्यावर पुजाऱ्यांनी मूर्ती स्वतःच लपवली. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि दोन्हींचा पुरावा एकच आहे : मूर्ती जमिनीखाली सापडली. एकाच पुराव्यातून दोन उलट निष्कर्ष तितक्याच सहजतेने निघत असतील, तर त्या पुराव्यातून दोघांपैकी एकही निघत नाही, हे ग्रुपवर कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सव्वादोन मीटर माती एवढंच सांगते, की मूर्तीवर सव्वादोन मीटर माती साचली. ती पुराने साचली, की पडझडीने, की कुणी मुद्दाम भर टाकली, हे खोलीच्या आकड्यात लिहिलेलं नसतं. ते कळायला वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात. माती थराथराने साचली आहे की एकाच भरावाची आहे? मूर्ती नीट ठेवल्यासारखी आहे की कोसळल्यासारखी? दगडावर घणाचे घाव आहेत का? जळाल्याचा काळा थर आहे का? हे प्रश्न ग्रुपवर कुणी विचारले नाहीत. मीही विचारले नाहीत. मी फोटो चार जणांना पुढे पाठवला आणि त्यावर हात जोडले.

विहीर आणि कुंड

मी अकरावीत असताना उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या विहिरीचा गाळ काढला. गाळात निघालं ते असं : पितळेचा लोटा, सायकलची चेन, शेळीची हाडं, मोटरीचा फुटव्हॉल्व्ह, एक नोकियाचा फोन आणि शेंदूर लावलेला एक दगड. मी काठावर बसून लगेच गोष्ट रचली : चोर सायकलवर शेळी घेऊन पळत होता, अंधारात विहिरीत पडला. बाबा हसले. म्हणाले, "हे सारं काय एकाच दिवशी पडलं काय बे?"

बाबा दहावी नापास आहेत. पण त्यांनी त्या दिवशी जो प्रश्न विचारला, तो रूपकुंडाच्या बाबतीत नीट विचारायला जगाला सत्त्याहत्तर वर्षं लागली.

रूपकुंड हे उत्तराखंडातलं समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरहून उंचावरचं एक लहानसं तळं आहे. १९४२ साली एका वनाधिकाऱ्याला तिथे माणसांच्या हाडांचा खच दिसला. थंडीमुळे काही हाडांवर मांसही टिकून होतं. शेकडो माणसं. तेव्हा महायुद्ध चालू होतं, म्हणून पहिली शंका आली ती चोरवाटेने आलेल्या जपानी सैनिकांची. हाडं जुनी आहेत हे दिसल्यावर तिबेटवर गेलेल्या जोरावर सिंगाचं सैन्य आलं, मग मुहम्मद तुघलकाचं सैन्य आलं, मग साथीचा रोग आला. स्थानिक लोकांची स्वतःची गोष्ट होतीच : नंदादेवीच्या यात्रेला कनौजचा राजा नर्तकींना घेऊन गेला, देवी कोपली आणि गारांनी सगळे मेले.

या सगळ्या गोष्टींत राजा बदलतो, सैन्य बदलतं, शतक बदलतं. एक गोष्ट बदलत नाही : सगळे एकदमच मेले. हा कुणी काढलेला निष्कर्ष नव्हता. ते न तपासता धरलेलं गृहीतक होतं, आणि ते इतकं साधं वाटत होतं की त्याला गृहीतक म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. एका जागी सापडले, म्हणजे एका वेळी मेले. कुंड हा खोलगट खड्डा आहे, वरच्या उतारावरून घसरलेलं सगळं तिथेच जमा होतं, दरडी कोसळतात, बर्फ सरकतो, पुढे गिर्यारोहकांनी तर हाडं उचलून रचून ठेवली, काही पळवली. माझ्या बाबांच्या विहिरीपेक्षा हा गाळ कितीतरी जास्त ढवळलेला होता.

कोकणस्थ हिमालयात

आता यातला आपला, मराठी अध्याय. २००४ साली रूपकुंडावर एक मोठी मोहीम गेली. त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मानवशास्त्रज्ञ सुभाष वाळिंबे होते. ऑक्सफर्डमध्ये कालमापन झालं, ते इ. स. ८५०च्या आसपास आलं. काही कवट्यांवर वरून गोल, जड वस्तू आदळल्यासारख्या, न भरलेल्या जखमा होत्या. त्यावरून गारपिटीचा तर्क पुढे आला, आणि तो त्या कवट्यांपुरता वाजवी होता. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डीएनए तपासला गेला आणि काही नमुने महाराष्ट्रातल्या कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतात असं जाहीर झालं.

'जुळतात'चं 'होते' व्हायला वेळ लागला नाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. आमच्या मजल्यावर एक कोकणस्थ मित्र होता, त्याला महिनाभर 'हिमालयवासी' म्हणायचे. तो चिडायचा नाही, उलट त्याला आतून बरं वाटायचं. नवव्या शतकात आपले पूर्वज हिमालय चढत होते म्हणजे काय! बाकीच्यांनी टिंगल केली, पण दावा खोटा असेल असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. डीएनए म्हटल्यावर वाटणार कसं?

इथे थोडा हिशेब करू. तेव्हा तपासला गेला तो मायटोकाँड्रियल डीएनए. तो फक्त आईकडून येतो. आई, तिची आई, तिची आई अशी एकच रेघ. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात, त्यांतल्या एका बाईबद्दल हा डीएनए बोलतो. उरलेल्या १,०२३ जागांबद्दल तो गप्प असतो. त्या एका रेघेवरून अख्ख्या माणसाची जात सांगणं म्हणजे सातबाऱ्याच्या एका ओळीवरून गावाचा नकाशा काढणं.

दुसरं, 'जुळतं' या शब्दाचा अर्थ 'तुलनेसाठी जे नमुने हाताशी होते त्यांत हे सगळ्यात जवळचं' एवढाच असतो. ढिगात जे गट नाहीत, त्यांच्याशी जुळवून पाहिलेलंच नसतं. आणि तिसरं, आज एखादं वैशिष्ट्य एका जातीत दिसतं म्हणून अकराशे वर्षांपूर्वी ते ज्याच्यात होतं त्याला आजच्या जातीचं नाव देता येत नाही. माझ्या आजीच्या पाटलीसारखी पाटली कुणाच्या हातात दिसली म्हणून ती बाई माझी आजी होत नाही. फार तर सोनार एक असेल.

ऑगस्ट २०१९मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये नवा अभ्यास आला. त्याच्या लेखकांत भारतीय संशोधक होते, डेक्कन कॉलेजमधलेही होते. या वेळी ३८ जणांचा संपूर्ण जनुकीय मागोवा घेतला आणि बहुतेकांचं स्वतंत्र कालमापन केलं. म्हणजे एका-दोघांचं वय काढून ते सगळ्यांना चिकटवलं नाही. निकाल असा : ३८पैकी २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, आणि तेही आपापसांत बरेच वेगवेगळे, कुठल्या एका गटातले नाहीत. त्यांचा काळ साधारण सातवं ते दहावं शतक, आणि त्यांच्यातल्याच काहींच्या तारखा एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत, म्हणजे हेही सगळे एकदम मेलेले नाहीत. १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडच्या लोकांशी जवळीक असलेले, आणि ते मेले इ. स. १८००च्या सुमारास. एक जण आग्नेय आशियाई वंशाचा, तोही त्याच अलीकडच्या काळातला. त्या ३८ जणांत जवळचं नातं असलेली एकही जोडी नाही. पुरुष आणि बायका दोन्ही. सैन्य गेलं, एक कुटुंब गेलं, एक जात गेली आणि एक दिवसही गेला.

भूमध्य समुद्राकडची माणसं हिमालयातल्या तळ्यात कशी पोचली? त्या लेखकांनी ते सांगितलेलं नाही. पुरावा संपला तिथे ते थांबले. मला या सगळ्या कथेत कौतुक वाटतं ते या थांबण्याचं. आपल्याकडे मात्र बातमी अशी फिरली : 'हिमालयात ग्रीक!' पहिल्या चुकीतून शिकायचं सोडून आपण लेबल तेवढं बदललं.

माझा स्वतःचा गाळ

आता माझ्याबद्दल. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथे एका सकाळी हिशेब जुळवताना लक्षात आलं, की रात्री शेकडो व्यवहार अर्धवट अडकलेत. पैसे कापले गेले, नोंद झाली नाही. कारण शोधून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. एका सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसलं, की रात्री ११.४०ला एका नव्या मुलाने बदल चढवला होता. दुसऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसलं, की ११.४२ला चुकांचा पाऊस सुरू झाला. दोन मिनिटांचं अंतर. शिवाय पहिल्या सर्व्हरवरही त्याच सुमाराला पाच-सहा व्यवहार खरोखर अडकले होते. मी दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या, स्क्रीनशॉट घेतला आणि अहवालात त्या मुलाचं नाव लिहिलं. तो प्रोबेशनवर होता. महिन्याभरात त्याला जायला सांगितलं.

दोन महिन्यांनी तोच पाऊस पुन्हा पडला, आणि त्या वेळी कुणीच काही चढवलेलं नव्हतं. मग उलगडलं : पहिला सर्व्हर भारतीय वेळ लिहीत होता, दुसरा ग्रिनिचची. साडेपाच तासांचा फरक. दुसऱ्या लॉगमधले ११.४२ म्हणजे आपल्याकडची पहाटेची ५.१२. त्या वेळी एक जुनं, ठरावीक दिवशी आपोआप चालणारं काम सुरू व्हायचं आणि तेच व्यवहार अडकवायचं. त्या मुलाच्या बदलाने पाच-सहा व्यवहार अडकले होते, हे खरं. शेकडो अडकले ते दुसऱ्याच कारणाने, साडेपाच तासांनी. मी दोन घटना एका कुंडात पाहिल्या आणि त्यांची एक घटना केली.

अहवाल दुरुस्त केला, वरिष्ठांना सांगितलं. मुलगा परत आला नाही, त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती, आधीच्यापेक्षा कमी पगाराची. मी फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी तेव्हा म्हणालो होतो ना सर, इतके नसतील म्हणून." खरंच म्हणाला होता. माझ्याकडे 'पुरावा' होता म्हणून मी ऐकलं नव्हतं.

त्या लॉगमधली एकही ओळ खोटी नव्हती. 'पुरावा खोटं बोलत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. प्रत्येक ओळ खरी होती आणि माझा निष्कर्ष खोटा होता. मी स्वतःला एक प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं : या मुलाचा दोष नसता, तर हा पुरावा मला वेगळा दिसला असता का? दोन्ही लॉग एकाच घड्याळाचे आहेत हे तपासल्याशिवाय याचं उत्तर 'नाही' होतं. जो पुरावा दोन्ही शक्यतांत सारखाच दिसतो, तो दोघांपैकी कुणाचीच बाजू घेत नसतो.

राखीगढीची ती बाई

हाच प्रश्न घेऊन हरियाणातल्या राखीगढीला जाऊ. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या सिंधुकालीन दफनभूमीचं उत्खनन झालं. साठाहून अधिक नमुने तपासले. उष्ण हवामानात डीएनए टिकत नाही, त्यामुळे कामाचा निघाला तो एक. एका बाईचा. सप्टेंबर २०१९मध्ये 'सेल' या नियतकालिकात निबंध आला : साडेचार हजार वर्षांच्या आसपासच्या या बाईत गवताळ मैदानांतल्या, म्हणजे ज्याला स्टेप म्हणतात तिकडच्या, पशुपालकांचा अंश नाही.

हा अतिशय महत्त्वाचा शोध आहे आणि तो लावायला लागलेली चिकाटी थक्क करणारी आहे. पण त्यानंतर पत्रकार परिषदेत आणि वाहिन्यांवर जे झालं ते वेगळं. 'आर्य बाहेरून आलेच नाहीत, डीएनएने सिद्ध केलं,' असे मथळे झाले.

प्रश्न विचारून बघा. स्टेपकडून लोक इ. स. पूर्व २०००नंतर आले असं समजू. मग त्याआधी मेलेल्या बाईत त्यांचा अंश असेल का? नसेल. आता ते कधीच आले नाहीत असं समजू. मग असेल का? तरीही नसेल. दोन्ही शक्यतांत ती बाई आपल्याला अगदी अशीच दिसली असती. म्हणजे या वादात ती साक्षीदारच नाही. तिला कठड्यात उभं करून तिच्या तोंडी निकाल घालणं हा तिचाही अपमान आहे. गंमत म्हणजे त्याच दिवशी 'सायन्स'मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या निबंधाने, शेकडो प्राचीन नमुने पाहून, स्टेपचा अंश दक्षिण आशियात साधारण इ. स. पूर्व २००० ते १५०० या काळात आला असं मांडलं होतं. त्या निबंधाच्या लेखकांतही शिंदे यांचं नाव आहे.

आमच्या बाजूच्या, म्हणजे स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या मित्रांनी इथे टाळ्या वाजवू नयेत. कारण 'अंश आला'वरून 'घोड्यांवर बसून टोळ्या आल्या आणि त्यांनी नगरं जाळली' हेही निघत नाही. जनुकात तलवार दिसत नाही. लग्नं दिसतात, तीही शेकडो वर्षांची सरासरी म्हणून. आणि ती माणसं कुठली भाषा बोलत होती हे हाडात कधीच उमटत नाही. भाषेचा तर्क लावायचा तर तो भाषाशास्त्राच्या पुराव्यावर लावावा लागतो, आणि दोन पुरावे जोडताना तो जोड किती मजबूत आहे हेही सांगावं लागतं.

शिडी

ख्रिस्तोफर हॉक्स नावाच्या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १९५४ साली एक शिडी मांडली. अवशेषांवरून वस्तू कशी बनवली हे सांगणं सगळ्यात सोपं. लोक काय खात होते, कसे जगत होते हे त्याहून अवघड. समाजरचना आणखी वर. आणि श्रद्धा, धर्म, मनातलं भय ही सगळ्यात वरची, सगळ्यात डळमळीत पायरी.

आपल्या इनामगावचं उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं ताम्रपाषाणयुगीन गाव खोदलं. घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं मिळाली. लहान मुलं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आणि मोठ्या माणसांच्या सांगाड्यांना घोट्याखालचे पाय नाहीत. पाय नाहीत, ही पाहणी. पुरताना मुद्दाम तोडले, हा पहिला निष्कर्ष, आणि हे पुन्हा पुन्हा, ठरावीक रीतीने दिसत असल्यामुळे तो भक्कम. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून तोडले, हा शिडीच्या टोकावरचा तर्क. संशोधक तो तर्क म्हणून मांडतात. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत मात्र तीच गोष्ट एका वाक्यात, एकाच सुरात येते : 'भूत होऊ नये म्हणून पाय तोडत.' प्रश्न एक गुणाचा, पर्याय चार, उत्तर ब. आमच्या भागातली हजारो पोरं अभ्यासिकांत बसून हे पाठ करतात. पाहणी कुठे संपली आणि तर्क कुठे सुरू झाला, हे त्यांना कुणी सांगत नाही. पुढे हीच पोरं तलाठी होणार, फौजदार होणार, पंचनामे लिहिणार. तिथे पाहणी आणि तर्क यांतला फरक न कळणं कुणाला तरी तुरुंगात पाठवू शकतं.

लोणार, म्हणजे चांगला तर्क कसा दिसतो

याला ठरलेलं उत्तर मिळतं : "मग काय, शास्त्रज्ञांचं रोज बदलतं. आज हे म्हणतील, उद्या ते. त्यापेक्षा आपली पोथी बरी." आमच्याकडे याचं हमखास उदाहरण म्हणजे लोणार. दुसरबीडहून तासाभरावर. काकांनी मला तोंडावर ऐकवलंय : "आधी बावन्न हजार वर्सं म्हनत होते, मंग पावनेसहा लाख. दहापट! काहून भरोसा ठेवावा?"

काकांचे आकडे बरोबर आहेत. काचेसारख्या वितळलेल्या कणांच्या तप्तदीप्ती पद्धतीने विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं. २०११मध्ये आरगॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार आलं. पण या गडबडीत काका एक गोष्ट विसरतात : विवर उल्कापाताने झालं, हा निष्कर्ष जागचा हलला नाही.

का हलला नाही? लोणार आहे काळ्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याच्या दगडात. गोल खड्डा, भोवती लाव्हा. ज्वालामुखीचं तोंड म्हणायला आणखी काय हवं? बरीच वर्षं तसं म्हटलंही गेलं. मग १९७३मध्ये तिथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ही फेल्डस्पार खनिजाची काच, पण ती उष्णतेने वितळून होत नाही. प्रचंड वेगाच्या धडकेतल्या दाबानेच होते. ज्वालामुखी कितीही तापला तरी असा दाब तयार करू शकत नाही. आता आपला प्रश्न विचारा : हा ज्वालामुखी असता, तर हा पुरावा असाच दिसला असता का? नाही. मुळीच दिसला नसता. गोल खड्डा दोन्ही शक्यतांत गोलच असतो, म्हणून तो निरुपयोगी. मॅस्केलिनाइट एका शक्यतेला घराबाहेर काढतं. पुरावा म्हणतात तो याला.

वय बदललं, कारण वय हा वेगळा दावा आहे, वेगळ्या घड्याळाचा. आणि ते बदलू शकलं, कारण पहिल्यांदा मोजणाऱ्यांनी कशाने मोजलं ते लिहून ठेवलं होतं. माझा अहवाल दुरुस्त होऊ शकला तोही लॉग जपून ठेवले होते म्हणूनच. ज्यात चूक सापडूच शकत नाही असं सांगणं हे भरवशाचं लक्षण नाही, काका. आणि पोथीबद्दल म्हणाल, तर लवणासुराची कथा मला आवडते. ती 'डीएनएने सिद्ध झालं' असं कधी म्हणत नाही. नंदादेवीच्या गारांची कथाही तशीच प्रामाणिक. माझं भांडण कथेशी नाही. प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून गावात फिरणाऱ्या कथेशी आहे.

मग करायचं काय

शास्त्र तज्ज्ञांवर सोडा, असं मी म्हणणार नाही. रूपकुंडाचा कळीचा प्रश्न माझ्या बाबांना सुचू शकतो, तर तो कुणालाही सुचू शकतो. पण संपादकांनी 'जुळतं'चं 'होते' करताना एकदा थांबावं. शिक्षकांनी इनामगाव शिकवताना फळ्यावर दोन रकाने आखावेत, दिसलं काय आणि वाटलं काय. आणि आपण, फॉरवर्ड करणाऱ्यांनी, अंगठा खाली आणण्याआधी विचारावं : हे खोटं असतं तर मला वेगळं काय दिसलं असतं? उत्तर सुचत नसेल, तर फोटोचं कौतुक करावं आणि मथळा खोडावा.

ज्याच्यावर मी चुकीचा ठपका ठेवला तो जिवंत होता. त्याला फोन करता आला, त्याला 'मी तेव्हा म्हणालो होतो' असं म्हणता आलं. रूपकुंडातल्या माणसांना ते जमत नाही. राखीगढीच्या बाईला जमत नाही. त्यांच्या नावावर आपण काहीही खपवू शकतो, म्हणूनच खपवताना जास्त भ्यायला हवं. कारण त्यांच्या नावाने केलेल्या दाव्यांची किंमत मोजतो तो आजचा, शेजारच्या गल्लीतला जिवंत माणूस.

गेल्या दिवाळीत ग्रुपवर सिंदखेडच्या मूर्तीचा फोटो पुन्हा फिरला, नव्या मथळ्यासह. या वेळी मी लिहिलं : "मातीचे थर कसे होते ते कुणाला माहीत आहे का?" बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकांनी लिहिलं, "तुह्यं काय म्हननं हाय मंग? कोन गाडली?" मी लिहिलं, "माहीत नाही." काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पाच मिनिटांनी दुसराच एक मथळा पाठवला.

आणि पुण्यात आता कुणी विचारलं, "दुसरबीड म्हणजे काय रे?" तर मी म्हणतो, माहीत नाही. लोक जरा हिरमुसतात. पहिलं उत्तर जास्त चांगलं होतं, यात शंका नाही.